हिरवा रंग आणि पांढरी चांदणी

ह्या विषयावर लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली. आता लिहायलाच हवं, कारण येत्या दिवाळीत आमच्या घरी एक निर्णय व्हायचा आहे आणि तो भलताच होईल अशी मला धास्ती आहे. पण घरचं नंतर. आधी सगळ्यांसाठी बोलतो, कारण मी म्हणतोय तसली गाडी तुमच्याही पाहण्यात नक्की आलेली असणार.

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही रॅलीला जा. एका कोपऱ्यात एक जीप उभी असते. आरशासारखा चकचकीत हिरवा रंग, बॉनेटवर वर्तुळातली पांढरी चांदणी, मागे पेट्रोलचा डबा, बाजूला फावडं आणि कुऱ्हाड. समोर पाटी: 'विलीस, १९४२, दुसरे महायुद्ध'. लोक पोरांना बॉनेटवर बसवून फोटो काढतात, मालक मिशीला पीळ देत बाजूला उभे. आता जरा जवळ जा आणि पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. सात भरल्या की समजा, पाटी खोटी आहे.

का ते सांगतो. युद्धकाळातली जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीसने 'एमबी' आणि फोर्डने 'जीपीडब्ल्यू'. १९४१ ते १९४५ ह्या काळात दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर काढल्या. सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलीसना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. मग फोर्डने पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी आणली, ती स्वस्त आणि हलकी होती, म्हणून विलीसनेही तीच घेतली. सात फटी आल्या त्या लढाईनंतरच्या, नागरी जीपला. बॉनेट उंच दिसतंय? मग ती सीजे-३बी. तिचं नवं इंजिन उंचीला जास्त होतं म्हणून १९५३ साली बॉनेटच वर उचललं. आपल्याकडचे मेकॅनिक 'हाय बॉनेट' आणि 'लो बॉनेट' म्हणतात ते ह्यावरूनच. स्टिअरिंग उजवीकडे आहे? कारखान्यातून निघालेली युद्धकाळातली प्रत्येक जीप डाव्या हाताची होती. मागे उघडणारं फाळकं आहे? त्या जीपला मागे फाळकं नव्हतंच. पेट्रोलचं झाकण बॉडीच्या बाजूला आहे? खऱ्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते, पेट्रोल भरायचं तर उठून गादी उचलावी लागते.

तर ती पाटीवाली गाडी बहुधा महिंद्राची असते. वर हिरवा रंग आणि चांदणी. झालं महायुद्ध!

मी हे बोललो की लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, हौस आहे. कुणाचं काय बिघडलं?" बिघडलं ते असं. आठ-दहा वर्षांचं पोर ती पाटी वाचून घरी जातं. त्याला कळतं की लढाईत जीप अशी दिसायची, अशी चकाकायची. खरं तर लष्कराचा तो रंग मुद्दाम बिनचमकीचा असे, कारण चमक लांबून दिसते आणि दिसलं की गोळा येतो. रंग मंद का होता हे एकदा कळलं की त्या पोराला लढाईबद्दल काहीतरी कळतं. चकचकीत रंगातून त्याला फक्त गाडी धुण्याबद्दल कळेल.

आणि मला ह्याहून जास्त खटकतं ते वेगळंच. त्या महिंद्राला स्वतःचा इतिहास नाही का? १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीसच्या जीपा जोडायला सुरुवात झाली, आणि पुढे कितीतरी दशकं ती गाडी आपल्या फौजेत, पोलिसांत, वनखात्यात, पाटबंधाऱ्याच्या साइटवर राबली. १९६५ च्या लढाईत खेमकरणच्या बाजूला ४ ग्रेनेडियर्सच्या हवालदार अब्दुल हमीदांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने. परमवीरचक्राची ही हकिगत आपल्याला शाळेपासून पाठ. मग आपल्या फौजेतल्या १९६५ किंवा १९७१ सालच्या जीपला तिचेच भाग, तिचीच बत्ती, तिचाच हूड शोधून बसवणारे लोक इतके थोडे का? घरची गाडी सोडून आपण तिच्यावर अमेरिकेची चांदणी का रंगवतो? जोंगाचं तेच. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ बनलेली ही गाडी, निस्सानच्या पेट्रोलच्या नमुन्यावरची, चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं इंजिन. लिलावात घेतली की पहिलं काम काय, तर इंजिन काढून भंगारात आणि आत कुठलं तरी डिझेल. पेट्रोल फार पिते म्हणून रोज चालवायला कुणी इंजिन बदललं तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मग 'रिस्टोअर्ड' अशी पाटी लावू नका. 'दुरुस्त केलेली' म्हणा. तो काही कमीपणाचा शब्द नाही.

इथे एक स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. हरियाणातल्या डबवालीत जुन्या जीपांचे सुटे भाग जमवून नव्या जीपा बांधण्याचा अख्खा धंदा उभा राहिला आहे. तिथल्या कारागिरांच्या हातात कमालीचं कसब आहे आणि त्यांच्या गाड्यांशी माझं काही भांडण नाही. माझं भांडण पाटीशी आहे.

आता दुसरा पंथ. (पहिल्या पंथाला झोडपल्यावर हे लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांना आत्ताच थांबवतो :)

हा जाणकारांचा पंथ. ह्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण फटी मोजायला मी ह्यांच्याकडूनच शिकलो. जीप फोर्डची की विलीसची हे ही माणसं वाकून एका नजरेत सांगतात: रेडिएटरच्या खालची चासीची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलीस, उलट्या 'यू'सारखी चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डचा चासी नंबर डाव्या दांड्यावर थेट ठोकलेला असतो, विलीसचा रिबिट मारलेल्या पट्टीवर. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर उठवलं होतं. मागच्या पत्र्यावर सुरुवातीला कंपनीचं नाव असे, ते १९४२ च्या मध्याच्या सुमाराला लष्कराने बंद करवलं. अगदी पहिल्या विलीसना डॅशमध्ये कप्पा नव्हता, मागे डब्याची चौकट नव्हती, डाव्या मडगार्डवरचा ब्लॅकआउटचा दिवा नव्हता. हेडलाइट मात्र असे बसवलेले की एक पंखवाला नट सैल करून दिवा मागे उलटवायचा आणि अंधारात इंजिनवर उजेड पाडून काम करायचं. काय डोकं लढवलंय बघा!

हे ज्ञान नसेल तर भाग निवडताच येत नाहीत. १९४१ च्या जीपवर ब्लॅकआउट दिवा बसवला तर तो अस्सल भाग असूनही चूक आहे. हा मुद्दा ह्या पंथाने आपल्याला शिकवला: भाग जुना असणं पुरत नाही, तो त्या गाडीचा त्या तारखेचा असायला हवा. मान्य. शंभर टक्के मान्य.

पण मग ही मंडळी एक गोष्ट गृहीत धरतात आणि तिथे माझं त्यांच्याशी वाजतं. त्यांच्या लेखी गाडीची खरी तारीख एकच, ज्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली ती. फोर्डच्या चासीवर विलीसचं इंजिन दिसलं की ह्यांच्या कपाळाला आठ्या. "हे काढा, जीपीडब्ल्यूचं इंजिन मिळवा, एफवाले बोल्ट मागवा." बोल्टमागे बोल्ट परदेशातून येतात. बॉडी गंजली असेल तर फिलिपिन्समधून नवीकोरी बॉडी मागवता येते, हुबेहूब. आणि शेवटी डॅशच्या कप्प्यावर लावायच्या तीन धातूच्या पट्ट्याही नव्या मिळतात. त्यांतल्या एकीवर गाडीचा नंबर आणि लष्कराला दिल्याची तारीख असते. पट्टी कोरी येते, नंबर आणि तारीख आपण ठोकायची!

म्हणजे बॉडी फिलिपिन्सची, बोल्ट अमेरिकेतले, इंजिन तिसऱ्याच जीपचं, तारीख आपल्या हाताने ठोकलेली. आणि ह्या गाडीला 'अचूक' म्हणायचं. पहिल्या पंथाचा खोटेपणा निदान सात फटींत पकडता येतो. हा पकडता येत नाही, म्हणून मला तो जास्त वाईट वाटतो.

शिवाय ह्या जीपची मूळ कल्पनाच काय होती? दोन कंपन्यांनी बनवायची, पण इंजिन, गिअरबॉक्स, चाक, दिवा एकीचा दुसरीला बसला पाहिजे. फोर्डच्या 'जीपीडब्ल्यू'तला शेवटचा 'डब्ल्यू' विलीसचाच आहे, कारण इंजिनाचा आराखडा विलीसचा: २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. रणांगणामागच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने बोल्टच्या डोक्यावरचं अक्षर वाचत बसावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. दोन मोडक्या जीपांतून एक चालती काढायची आणि सकाळी परत पाठवायची. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात तर जीपला रेल्वेची चाकं लावून रुळांवर डबे ओढले. त्याच मुलखात जीपवर चौकटी बांधून जखमींचे स्ट्रेचर नेले. अशी एखादी जीप आज सापडली आणि चौकटीच्या भोकांत वेल्डिंग भरून तिला 'कारखान्यासारखी' केली, तर आपण इतिहास जपला की पुसला? लढाईत गेलेली गाडी कारखान्यातल्यासारखी राहिलीच नव्हती. फाटकातली तारीख धरली की लढाईच वगळली जाते, आणि मग तिला लष्करी गाडी कशाला म्हणायचं?

अहिल्यानगरला (तेव्हाचं अहमदनगर) १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. तिथे १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटन उभा आहे. तो आपल्याकडे कशामुळे आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कुणी म्हणालं की ह्याचे सगळे भाग अमेरिकेतून नवे आणू आणि कारखान्यातून निघाला तसा करू, तर तो रणगाडा अचूक होईल, पण १९६५ चा उरणार नाही.

तर मग भाग निवडायचे कसे? माझं म्हणणं एवढंच आहे की हातात घेतलेल्या प्रत्येक भागाबद्दल एक प्रश्न विचारा: हा भाग ह्याच गाडीवर, आपण धरलेल्या तारखेला होता, हे कशावरून? उत्तर 'फोटोवरून', 'कागदावरून', 'रंगाच्या थरावरून', 'भोकांच्या जागेवरून' असं देता आलं तर बसवा. उत्तर 'सगळे असंच लावतात' किंवा 'छान दिसतं' असेल तर बसवू नका. आणि तारीख कुठली धरायची? जिच्याबद्दल आपल्या गाडीकडे सगळ्यात जास्त पुरावा आहे ती. सगळ्यात रोमांचक वाटते ती नव्हे.

जुन्या वाहनांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०१२-१३ मध्ये ट्यूरिन सनद म्हणून एक मसुदा स्वीकारला, त्याचाही रोख असाच आहे. गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हाही तिचा इतिहास असतो, हात कमीत कमी लावावा, आणि नवा भाग घालावाच लागला तर तो नवा आहे हे ओळखू येईल अशी खूण ठेवावी. किल्ल्याच्या तटाला सिमेंट थापलेलं पाहून आपल्यातले कितीतरी ब्लॉगर भडकून लिहितात, बरोबरच आहे. मग त्याच न्यायाने जीपकडे का बघायचं नाही?

आता घरचं.

आमच्या आबांची जीप गोठ्याशेजारच्या पडवीत उभी आहे हे नातलगांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. लढाईनंतरच्या डिस्पोजलच्या मालातली, देवळालीच्या बाजूने आलेली, १९४८ साली आबांच्या नावावर झालेली. आबा गेले, ती मात्र टायर बसलेल्या अवस्थेत तशीच राहिली. आता थोरल्या चुलतभावाने तिला उभं करायचं मनावर घेतलंय, खर्च तो करतोय, आणि त्याबद्दल त्याचे उपकारच मानायला हवेत. पण बेत असा आहे: दिवाळीनंतर सगळं सुटं करून सँडब्लास्टिंग, मागचं फाळकं बंद, इंजिन बदलून 'फोर्डचंच', मग हिरवा रंग आणि (अर्थातच) चांदणी. गॅरेजवाला म्हणतो, वाळू मारली की तीन दिवसांत पत्रा नव्यासारखा. पुढच्या वर्षीच्या लग्नात नवरदेव तीतून येणार.

दादा, तू हे वाचतोयस हे मला ठाऊक आहे. रागावू नकोस, पण गाडीने स्वतःबद्दल काय काय सांगून ठेवलंय ते एकदा शांतपणे बघ.

चासी फोर्डची. पुढची पट्टी चौकोनी, डाव्या दांड्यावर 'जीपीडब्ल्यू'ने सुरू होणारा नंबर, गंज पुसला की स्पष्ट वाचता येतो. इंजिनावरचा नंबर मात्र 'एमबी'ने सुरू होतो, म्हणजे विलीसचं. तू म्हणतोस आबांनी कधीतरी कुठून तरी बसवलं असेल. १९४८ चं आर.सी. बुक काढून बघ. त्यात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही शाईने लिहिलेत, आणि इंजिन नंबर हाच आहे. म्हणजे ते इंजिन आबांच्या हाती गाडी यायच्या आधीपासून तीत आहे. लढाई संपून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. लष्करी वर्कशॉपने ते बदललं असण्याचा संभव सगळ्यात मोठा. ह्या गाडीवर लढाईची जी मोजकी खूण उरलीय ती हे 'चुकीचं' इंजिन आहे. आणि आपण तेच विकायला निघालोय.

बॉनेट. आबांचा निळा ऑइलपेंट, बैलगाडीला लावायचे त्याच डब्यातला. त्याखाली राखाडी. त्याखाली मंद हिरवा, आणि त्यावर उजव्या अंगाला पांढऱ्या रंगात 'एम' आणि पुढे आकडे. मी गेल्या मे महिन्यात तळहाताएवढ्या जागेत हळूहळू थर उतरवून पाहिलंय, फोटो सगळ्यांना पाठवलेत. मोटारगाड्यांना 'एम' देण्याची पद्धत ब्रिटिशांची, हिंदी फौजेतही तीच. चांदणीची रेघसुद्धा मला कुठे सापडलेली नाही. ज्या गाडीवर नंबर अजून जिवंत आहे तिच्यावर वाळू मारून तो उडवायचा आणि वर नसलेली चांदणी काढायची, ह्याला काय म्हणावं?

मागचं फाळकं. ते कारखान्याचं नव्हे, बरोबर. आबांनी गावातल्या लोहाराकडून पत्रा कापून, कोनपट्टी लावून, बिजागऱ्या बसवून घेतलं, पोती आणि द्राक्षांच्या पाट्या चढवता याव्यात म्हणून. फाळक्याच्या आड येणारं स्टेपनीचं चाक तेव्हाच बाजूला हललं. आत्याच्या लग्नाचा १९५६ चा फोटो बैठकीत टांगलेला आहे. त्यात फाळकं खाली सोडलेलं आहे, त्यावर चार पोरं बसली आहेत, स्टेपनी बाजूला आहे. चाकाची रिमही नीट दिसते, दोन अर्ध्या बोल्टांनी जोडलेली लष्करी 'कॉम्बॅट' रिम. जाळीच्या फटी मी भिंग लावून मोजल्या. नऊ.

म्हणून माझं मत सांगतो: १९५६. ह्या गाडीबद्दल सगळ्यात जास्त पुरावा ह्या वर्षाचा आहे. फोटो आहे, आर.सी. बुक आहे, आबांची खर्चाची वही आहे. ती वही वाचली तर भाग आपोआप निवडले जातात. १९७१ मध्ये 'सोलेक्स कार्ब्युरेटर नवा' अशी नोंद आहे, म्हणजे १९५६ ला तो नव्हता. तेव्हा मूळचा कार्टर असणार, आणि कार्टर मिळतो. १९८३ ला 'बारा व्होल्टचे वायरिंग' आहे, म्हणजे त्याआधी सहा व्होल्ट. ते परत करता येतं. गिअरबॉक्स मूळचाच तीन गिअरचा आहे, त्याला हात लावायचा नाही. टायर ६.००-१६ मापाचे, आडव्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, पुढे-मागे कुठेही फिरवले तरी ठसा सारखाच उमटणारे. फोटोत नक्षी धूसर आहे, म्हणून वहीत लिहून ठेवू की मापाचा पुरावा आहे, नक्षीचा नाही. जमिनीचा पत्रा पार गेलाय, तो नवा घालावाच लागेल. घालू, आणि खालच्या बाजूने त्यावर साल ठोकू, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी फसणार नाही. फाळकं राहील. इंजिन राहील. बॉनेटवर वाळू नाही, घासणं नाही. निळा रंग जिथे उडालाय तिथेच भरायचा आणि नंबराचा तो तळहाताएवढा तुकडा उघडा ठेवायचा.

ह्यावर घरून आलेले आक्षेप मला पाठ झालेत.

एक, "निळ्या जीपला मिलिटरीची कोण म्हणेल?" बॉनेटवरचा नंबर दाखवू, चासीवरचा नंबर दाखवू, आणि ती लष्करातून शेतात कशी आली ते सांगू. लढाईच्या लाखो गाड्यांचं पुढे असंच झालं, त्या भाजी आणि खत वाहू लागल्या. ही हकिगत चांदणीपेक्षा मला तरी मोठी वाटते. शिवाय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाचला आहेस का? संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवायला मनाई आहे. रॅलीत सगळे रंगवतात हे मला दिसतं. पण लग्नाच्या वरातीत नवरदेवासकट गाडी अडवली तर मला फोन करू नका.

दोन, "विंटेजची नोंदणी मिळणार नाही." केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा असं म्हटलंय. खरं आहे. फाळक्यावरून समिती हरकत घेईलही. पण फाळकं बंद करून, दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालून, कोऱ्या पट्टीवर तारीख ठोकून समितीपुढे 'मूळ रूप' म्हणून उभं राहायचं हे तुला पटतं? इंजिन बदललं तर १९४८ च्या बुकातला नंबर आणि गाडीतला नंबर जुळणार नाही. आत्ता ते जुळतात. हा आपला सगळ्यात भक्कम कागद आपण आपल्याच हाताने फाडतोय. समितीला फोटो, बुक आणि वही दाखवू. नाही म्हणाले तर नाही म्हणाले. विंटेजच्या बिल्ल्यासाठी गाडीला खोटं बोलायला लावायचं नाही.

तीन, "खर्च मी करतोय, तर मी ठरवणार." ह्याला उत्तर देणं अवघड आहे, कारण ते खरं आहे. एवढंच म्हणेन की वाळू मारण्याआधी थांब. रंग चढवलेला उतरवता येतो, बसवलेलं इंजिन काढता येतं, बंद केलेलं फाळकंही पुन्हा कापता येतं. ऐंशी वर्षांपूर्वी कुणा अनोळखी शिपायाने ब्रशने काढलेला आकडा एकदा उडाला की तो परत रंगवता येईल, पण मग तो आपण काढलेला असेल.

चार, आत्या म्हणते, "मला ती जशी होती तशीच हवी." आत्या, हा आक्षेप नाही हे मला कळतं, तरी इथे नोंदवून ठेवतो. मतांची मोजणी होईल तेव्हा उपयोगी पडेल :)

ब्लॉगवरच्या मित्रांनो, तुमच्या गावीही एखादी जीप, जोंगा, शक्तिमान ट्रक पडवीत नाहीतर चिंचेखाली उभा असेल. त्याला आत्ताच दुरुस्त करू नका. आधी चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, जाळी, डॅशवरच्या पट्ट्या, रंगाचे थर ह्यांचे फोटो काढा. घरातली जुनी बुकं, पावत्या, लग्नाचे अल्बम चाळा. लोक फोटो नवरा-नवरीचे काढतात आणि मागे गाडी आपोआप येते. गावातला जो म्हातारा मेकॅनिक अजून आहे त्याला जाऊन विचारा की त्याने काय काय बदललं होतं. गॅरेजची तारीख ह्यानंतर घ्या.

आणि घरच्यांसाठी: मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोचतोय. भिंग, कॅमेरा आणि आर.सी. बुकाची झेरॉक्स घेऊन येतोय. तोवर पडवीला कुलूप राहू द्या, आणि दादा, गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स दिला असशील तर त्याला सांग की जमिनीच्या पत्र्यापासून सुरुवात कर. तिथे आपल्या दोघांचंही एकमत आहे.